ओळखीची सही
पूर्वी आमच्या ब्यांकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. न्यूयॉर्कच्या माफियातही हीच पद्धत! १९७६ साली दागिने चोर म्हणून शिरलेल्या ‘डॉनी ब्रास्को’साठी बोनानो टोळीच्या लेफ्टी रुजिएरोने शब्द टाकला. डॉनी खरा कोण? एफ.बी.आय.चा जो पिस्टोन. पठ्ठ्याने पाचेक वर्षं माफियाचं मीठ खाल्लं नि शंभरावर मंडळी आत घातली. माफियाने त्याच्या डोक्यावर पाच लाख डॉलर लावले; सरकारने बोनस दिला पाचशे. (सरकारी खात्यात शून्यं अशीच गळतात.)

१९८१च्या जुलैत एफ.बी.आय.नेच बिंग फोडलं. आमच्याकडे सही चुकली तर मेमो येतो. तिथे लेफ्टीचा वरिष्ठ सनी ब्लॅक याला ऑगस्टमध्ये बैठकीचं बोलावणं आलं. कळलं असावं त्याला. दागिने, किल्ल्या बारवाल्याच्या हवाली केल्या, चार्ज देऊन रजेवर निघावं तशा, आणि गेला.