मेलोट्रॉन म्हणजे काय? टेपवर चालणारा कीबोर्ड

आपल्या नांदेड-लातूरकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात एकाच कीबोर्डवर बासरी, व्हायोलिन, सनई सगळं वाजतं. या तंत्राला सॅम्पलिंग म्हणतात. चिप यायच्या आधी हेच काम टेप करायची.

1963 मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन तयार झाला. मूळ कल्पना अमेरिकेच्या हॅरी चेंबरलिन यांची. 1970 च्या एम400 मॉडेलमध्ये 35 पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीखाली वेगळी टेप. पट्टी दाबली की टेप हेडवरून सरकते आणि खऱ्या वादकाचा रेकॉर्ड केलेला सूर ऐकू येतो. सोडली की स्प्रिंग टेपला मागे ओढते. अडचण एकच: सूर साधारण 8 सेकंदांत संपतो!

बीटल्सच्या 1967 च्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या सुरुवातीची बासरी याचीच, वाजवली पॉल मॅकार्टनी यांनी. मूडी ब्लूजचे माइक पिंडर तर आधी मेलोट्रॉनच्या कारखान्यातच कामाला होते.

यंत्र आपलं काम खाईल, ही भीती तेव्हा ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेलाही होती. मला वाटतं, टेप असो की ॲप, सॅम्पलमधला सूर आधी कुणीतरी वाजवलेला असतो. म्हणून गावातल्या सनईवाल्याचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून वापरणार असाल, तर आधी त्याला विचारा आणि त्याचे पैसे द्या.