'सायलेंट नाइट' : एका नाताळगीताचा इतिहास

नाताळच्या पूर्वसंध्येला जगभरातील चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या गीतांमध्ये 'सायलेंट नाइट' या गीताला विशेष स्थान आहे. इंग्रजी नावाने ते परिचित असले, तरी मूळ गीत जर्मन भाषेतील असून त्याचा जन्म ऑस्ट्रियातील साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी झाला. त्याच्या कर्त्यांची नावे मात्र अनेक वर्षे अज्ञातच राहिली.

योसेफ मोर या तरुण धर्मगुरूंनी १८१६ साली मारियाफार येथे असताना सहा कडव्यांची ही कविता लिहिली. नेपोलियनच्या युद्धांनी होरपळलेल्या प्रदेशात नुकतीच शांतता नांदू लागली होती. पुढे मोर यांची नेमणूक ओबर्नडॉर्फला झाली. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्यांनी शेजारच्या आर्न्सडॉर्फ येथील शिक्षक आणि ऑर्गनवादक फ्रान्झ क्सावर ग्रुबर यांना कवितेला चाल लावण्याची विनंती केली. त्याच रात्री सेंट निकोलस चर्चमध्ये दोघांनी गिटारच्या साथीने हे गीत प्रथम गायिले. चर्चमधील ऑर्गन बिघडल्यामुळे गिटार वापरावी लागली, अशी आख्यायिका आहे. मात्र ग्रुबर यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या हकिगतीत तसा उल्लेख नाही.

ऑर्गन तयार करणारे कार्ल माउराखर यांच्यामार्फत हे गीत टायरोलमधील झिलर खोऱ्यात पोहोचले. तेथील श्ट्रासर आणि रायनर या गायक कुटुंबांनी आपल्या दौऱ्यांतून ते लोकप्रिय केले. या प्रवासात कर्त्यांची नावे मागे पडली. कोणी ते टायरोलचे लोकगीत मानले, तर कोणी मायकेल हायडन यांची रचना.

अखेर १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारातील वाद्यवृंदाने चौकशी केली, तेव्हा ग्रुबर यांनी लेखी निवेदनाद्वारे खरी हकिगत सांगितली. मोर यांचे १८४८ मध्येच निधन झाले होते. त्यांच्या हस्ताक्षरातील प्रत १९९५ मध्ये प्रकाशात आली. तीत शब्द १८१६ मधील आणि चाल ग्रुबर यांची असल्याची नोंद आहे. त्यामुळे उरलासुरला संशयही दूर झाला.

१८५९ मध्ये जॉन फ्रीमन यंग यांनी केलेल्या अनुवादामुळे हे गीत इंग्रजी भाषकांपर्यंत पोहोचले. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवरील खंदकांतून जर्मन आणि ब्रिटिश सैनिकांनी गायिलेल्या गीतांमध्येही त्याचा समावेश होता. २०११ मध्ये ऑस्ट्रियाने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या आपल्या राष्ट्रीय यादीत या गीताची नोंद केली. ओबर्नडॉर्फचे ते चर्च आज अस्तित्वात नाही; त्या जागी या गीताच्या स्मरणार्थ एक छोटे प्रार्थनामंदिर उभे आहे.