साडेपाच तासांची तूट

सायबर सुरक्षेच्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी साडेपाच तासांनी आपटलो. समोर दोन लॉग ठेवले होते. फायरवॉलची नोंद रात्री २३:१०ची, सर्व्हरवरच्या लॉगिनची पहाटे ४:३८ची. आधी काय घडलं? मी बिनदिक्कत म्हणालो, फायरवॉलचं. पण फायरवॉलची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होती आणि सर्व्हरची भारतीय; तिचे २३:१० म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे ४:४०. फायरवॉल ओरडली तेव्हा चोर दोन मिनिटं आधीच घरात होता.

आम्ही मूळचे विट्याकडचे. जयपूरच्या जोहरी बाजारात आप्पांचं सोनं-चांदी गाळण्याचं, गलाईचं दुकान, वरच्या खोलीत जुन्या लॅपटॉपवर माझं वाझूह हे लॉग तपासायचं सॉफ्टवेअर शिकणं चाललेलं. मुलाखतीचं ऐकून आप्पा म्हणाले, "तारीख न टाकता वजन लिहिलंस तर ती वही भट्टीत घाल."

खरं तर अर्धवट वेळ लिहिण्याचा हा दोष यंत्रांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिसलॉगच्या जन्मापासूनचा. १९८०च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल-प्रणालीच्या कामातून सिसलॉग लिहिला. जुन्या नोंदीत महिना, दिवस, वेळ एवढंच. साल नाही, वेळ कुठल्या गावची तेही नाही. २००९च्या नव्या नमुन्यात दोन्ही आली. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ला फर्मान काढलं: लॉग १८० दिवस जपा, घटना ६ तासांत कळवा, यंत्रांची घड्याळं ठरलेल्या सरकारी घड्याळांशी जुळवा.

घड्याळं जुळवण्याचं वेड जयपूरला जुनंच. हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंग राजाच्या पितळी वेधयंत्रांची आस झिजायची, केंद्र सरकायचं. वैतागून त्यानं दगड-चुन्याची यंत्रं बांधली. त्यातलं सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ सुमारे २७ मीटर उंच. त्याची सावली सेकंदाला मिलिमीटरभर सरकते, टक लावली तर चालताना दिसते. कड मात्र पुसट, त्यामुळे २ सेकंदांची खूण वाचायला सराव लागतो. आणि ही सावली सांगते जयपूरचीच वेळ, प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटं मागची. सूर्याची चाल वर्षभर सारखी नसल्यानं फेब्रुवारीत ४१ मिनिटं मिळवावी लागतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम १०.

जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ पंडित होते, मूळचे महाराष्ट्रातले. ते अरबी-फारसी शिकले आणि टॉलेमीचा खगोलशास्त्राचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणून १७३२मध्ये त्यांनी 'सिद्धान्तसम्राट' पुरा केला. पुढ्यात काम पडलं म्हणून परकी भाषा शिकणारा हा गाववाला मला ज्योतिष्यापेक्षा सहकारीच वाटतो.

चौथ्या मुलाखतीत नोकरी लागली. रात्रपाळी. टेबलावर दोन घड्याळं मांडलीत, एक यूटीसीचं, एक आपलं. तिसरं सम्राट यंत्राच्या वेळेचं लावलं होतं, ते शिफ्टच्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी काढायला लावलं.