दोन रुपये चाळीस पैशांचा हिशोब

22 जानेवारी ते 19 एप्रिल 2007 या काळात शाहरुख खानच्या 'कौन बनेगा करोडपती'चे 52 भाग दाखवले गेले. घरबसल्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' स्पर्धा होती. एसएमएसने उत्तर पाठवायचे. बरोबर उत्तरांतून सोडत काढून दर भागाला एकाला 2 लाख रुपये. एका एसएमएसला 2.40 रुपये पडत, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त.

सोसायटी ऑफ कॅटॅलिस्ट्स ही ग्राहक संस्था राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेली. आयोगाने हिशोब मांडला : 5.8 कोटी एसएमएस, 13.92 कोटी रुपये. बक्षिसे फक्त 1.04 कोटींची! बक्षिसाचा खर्च ग्राहकाकडूनच काढून ते फुकट असल्याचा भास निर्माण करणे ही तेव्हाच्या 1986 च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा होती. म्हणून 2008 मध्ये आयोगाने स्टार इंडिया आणि एअरटेल यांना 1 कोटी रुपये भरायला सांगितले.

2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बक्षिसे एसएमएसच्या पैशांतूनच दिली याला पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. निकाल आम्हाला मान्य आहे. पण प्रश्न उरतोच. हिशोबाच्या वह्या कंपनीच्या कपाटात असतात. मग मोलमजुरी करणाऱ्या प्रेक्षकाने पुरावा आणायचा कुठून? 2.40 रुपयांसाठी एकटा माणूस कोर्टाची पायरी चढत नाही, हे अशा स्पर्धा भरवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून बक्षिसाचा पैसा कुठून आला हे कंपनीनेच सिद्ध करावे, असा कायदा हवा. आमची मागणी एवढीच आहे.