असरोलची मुळी आणि बीपीची गोळी

नांदेड असो की लातूर, आमच्या मोहल्ल्यांत ‘बीपी’ हा शब्द आता घरोघरी झाला आहे. गोळी सुरू करायची आणि बरे वाटले की बंद करायची, हेही घरोघरीच. कुणी म्हणते, इंग्रजी औषध गरम पडते, हकिमाची पुडी बरी. कुणी हिकमतीलाच हसते. या दोघांनीही एका मुळीचा इतिहास वाचावा, असे आम्हांला वाटते.

ही मुळी सर्पगंधेची. युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. बिहारकडे ती वेडाच्या झटक्यावर देत, म्हणून तिचे नाव पडले पागलबूटी. युनानी औषधे रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावीत, ही दिल्लीच्या हकीम अजमल खान यांची तळमळ होती. 1927 साली ते वारले. जर्मनीत शिकून आलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात ते काम पुढे नेले. 1931 मध्ये त्यांनी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो, असे नोंदवले.

तेव्हा जगात कुठेच रक्तदाबावर भरवशाचे औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300 वर 190 भरला होता. अध्यक्षाची ही गत, तर आपल्याकडची काय सांगावी? घरात कुणाला फालिज झाला की ‘वारे गेले’ म्हणायचे आणि गप्प बसायचे.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रुग्णांना देऊन रक्तदाब मोजला, आकडे मांडले आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. मग जगाचे लक्ष गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेसरपीन’ काढले आणि त्याच्या गोळ्या जगभर गेल्या. 1957 मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे मोजमापानेच तिचा दोषही दाखवला: काहींचे नाक चोंदे, काहींचे मन खचे. अधिक चांगली औषधे आली आणि ती मागे पडली. म्हणून आज ही मुळी कुणी आपल्या मनाने कुटून घेऊ नये.

हिकमत आणि विज्ञान यांचे वैर नाही, हे या इतिहासातून दिसते. वैर आहे ते न मोजता बोलण्याशी. रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून ‘बरे वाटते’ हा पुरावा होत नाही. पुन्हा पुन्हा मोजून 140 वर 90 किंवा त्याहून जास्त भरला, तर तो वाढलेलाच. गोळीने आकडा उतरला याचा अर्थ गोळी काम करते आहे, गरज संपली असा नव्हे. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवे. लोणचे-पापडातले मीठही त्यातच धरावे. रमजान लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सहरी-इफ्तारला बसवून घ्यावी. परस्पर बंद करू नये.

अजमल खानांच्या हिकमतीचा अभिमान बाळगणाऱ्याने निदान दंडाला पट्टा बांधून घ्यायला तरी कचरू नये.