चाळणीखालची बोटं

जानेवारी 1911. पेनसिल्व्हेनियातल्या साउथ पिट्स्टनमध्ये तुम्ही एका अवाढव्य इमारतीच्या पायऱ्या चढताय. हा कोळसा फोडायचा कारखाना, इथल्या भाषेत ‘ब्रेकर’. खाणीतला अँथ्रसाइट कोळसा आधी अगदी वर नेतात. तिथून तो आपल्याच वजनानं खाली घसरत येतो.

वरच्या मजल्यावर कानांवर हात ठेवा. दातेरी रूळ ढेकळं फोडताहेत. फुटलेला माल चाळण्यांवर येतो आणि मापाप्रमाणे वेगळा होतो. प्रत्येक मापाला बाजारात नाव आहे: लहान तो ‘पी’, म्हणजे वाटाणा, त्याहून मोठे ‘चेस्टनट’, ‘स्टोव्ह’, ‘एग’.

एवढा खटाटोप कशासाठी? एखाद्या घरातल्या शेगडीत डोकावून पाहा. सारख्या मापाच्या तुकड्यांमधून हवा खेळते, निखारे एकसारखे फुलतात. चुरा मिसळला की फटी बुजतात, आग गुदमरते. म्हणून गिऱ्हाईक मापाचे पैसे मोजतं.

आता खाली उतरा. चाळणीला माप कळतं, माल कळत नाही. चेस्टनटएवढा दगड चेस्टनटबरोबरच येतो. तो काढायला पन्हळींवर आडव्या टाकलेल्या फळ्यांवर मुलं ओळीनं बसली आहेत. पायांखालून कोळसा वाहतोय; वाकून, तांदळातले खडे निवडावेत तसे ती दगड वेचताहेत. बोटं सुजलेली, कातडी फाटलेली. तुमच्या घशात धूळ जाते, समोरचा चेहरा दिसेनासा होतो. मागे उभा असलेला मुकादम रेंगाळणाऱ्याला ढोसतो.

याच महिन्यात लुइस हाइन इथल्या युएन ब्रेकरमध्ये कॅमेरा घेऊन आले आहेत. राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी ते या मुलांचे फोटो काढताहेत. कोळशानं माखलेले ते चेहरे पुढे देशभर पाहिले जातील.

दगड कोळशापेक्षा जड असतो, त्यामुळे पाण्यात तो लवकर खाली बसतो. या तत्त्वावर चालणारी यंत्रं तेव्हाही होती. तरी मुलं वर्षानुवर्षं त्या फळ्यांवर बसली, कारण त्यांची मजुरी स्वस्त होती. बालमजुरीला आळा घालणारा 1916चा केंद्रीय कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1918मध्ये रद्द केला. टिकणारा केंद्रीय कायदा व्हायला 1938 उजाडलं.