लोणावळ्याचा पाऊस, तळेगावचा गुलाब आणि एक छोटी डबी : डेटा लॉगर कसा वापरायचा?

मावळ : लोणावळ्यात समोरचं दिसत नाही असा पाऊस आणि त्याच वेळी तळेगावात रस्ता कोरडा, हे मावळात कुणाला नवीन नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वडगाव-तळेगावकडे येता येता तो झपाट्याने कमी होतो. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत एकाच दिवशी वेगवेगळा आकडा येऊ शकतो. सरकारी पर्जन्यमापक मात्र गावोगाव नाही. त्यामुळे 'आमच्याकडे जास्त पडला हो' हे सांगायला गावकऱ्याकडे तोंडी शब्दापलीकडे काही उरत नाही. तारीख-वेळेसह नोंद ठेवणारं एक स्वस्तातलं साधन म्हणजे डेटा लॉगर.

हा लॉगर काडेपेटीएवढा, कधी त्याहून लहान असतो. आत नाण्यासारखा सेल, एक घड्याळ आणि मेमरी. ठरवून दिलेल्या वेळाने तो तापमान लिहून ठेवतो. काही लॉगरना दोन तारांची आणखी एक जोडणी असते. तिथे बाहेरून 'टिक' आली की त्या क्षणाची वेळ नोंदली जाते. यालाच 'इव्हेंट' म्हणतात. अमेरिकेतल्या ऑनसेट कंपनीचा होबो पेंडंट हा या प्रकारातला जुना, ओळखीचा लॉगर. इतर कंपन्यांचेही मिळतात. घेताना एकच बघायचं : तापमान आणि इव्हेंट दोन्ही आहे की नुसतं तापमान. नुसत्या तापमानाच्या लॉगरने पाऊस मोजता येत नाही.

टिक म्हणजे किती पाऊस?

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याखाली तराजूसारख्या झुलणाऱ्या दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी वर येते. कलंडताना चुंबक एका स्विचसमोरून जातो आणि लॉगरला टिक मिळते. बहुतेक यंत्रांत एक टिक म्हणजे ०.२ मिमी पाऊस. पाच टिक झाल्या की एक मिमी. काही परदेशी यंत्रांत हा आकडा ०.२५४ असतो, तेव्हा माहितीपत्रक बघूनच गुणाकार करा, नाहीतर सगळा हिशोब चौथ्या हिश्श्याने चुकेल.

बसवण्याआधी यंत्र खरं बोलतंय का ते घरीच तपासता येतं. नरसाळ्याचा व्यास २० सेंमी असेल तर ०.२ मिमी म्हणजे ६.२८ मिली पाणी. ६२८ मिली पाणी मोजून घ्या, बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ते तासाभरात थेंबथेंब जाऊ द्या. १०० टिक यायला हव्यात. दोन-तीनचा फरक चालतो. दहाचा फरक आला तर वाट्यांखालचे स्क्रू फिरवून परत तपासा. पाणी भसकन ओतलं तर टिक कमीच येणार, कारण वाटी कलंडत असताना पडणारं पाणी मोजलं जात नाही. खऱ्या पावसातही हेच होतं. लोणावळ्यासारख्या मुसळधार पावसात हे यंत्र थोडं कमीच दाखवतं, जास्त नाही. म्हणून शेजारी साधा नळीचा मापक ठेवून रोज सकाळी ताडून बघणं चांगलं.

जागा उघडी पाहिजे. झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र हवं. पत्र्यावर, गच्चीच्या कठड्याला लागून बसवलेल्या यंत्राची नोंद कामाची नाही. तळ लेव्हल बघून घट्ट करा, कारण वाटी जराशी तिरकी असली तरी मोजणी बिघडते. गुरं, माकडं यांच्यासाठी भोवती कुंपण करा; कुणी धक्का दिला तरी टिक पडते आणि कोरड्या दिवशी पाऊस लागतो! पाला, शेवाळ, मुंग्या, गांधीलमाशीचं घर यांनी नरसाळं तुंबतं. हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतं. पावसाळ्यात आठवड्याला एकदा उघडून बघा.

आकडा कसा वाचायचा

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो. आपण रात्री बारा ते बारा मोजलं तर तलाठ्याच्या आकड्याशी ते कधीच जुळणार नाही. समजा त्या २४ तासांत ४१० टिक आल्या, तर पाऊस झाला ८२ मिमी. राज्यात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. म्हणजे ३२५ टिकची रेघ लक्षात ठेवायची.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट हवी. मदतीचा निर्णय मंडळाच्या हवामान केंद्राची नोंद आणि पंचनामा यांवर होतो. घरच्या लॉगरचा कागद त्याची जागा घेत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की मंडळाचा आकडा कमी आणि गावाचा जास्त असेल तर ग्रामसभेच्या ठरावासोबत, पंचनाम्याच्या मागणीसोबत तारीखवार तक्ता जोडता येतो. 'खूप पडला' यापेक्षा 'रात्री २ ते ३ मध्ये ४७ मिमी' हे अधिकाऱ्याला टाळायला अवघड जातं.

तासाचा आकडा हीच लॉगरची खरी कमाई. नळीचा मापक २४ तासांत २०० मिमी एवढंच सांगतो. तो दिवसभर रिपरिप पडला की दोन तासांत कोसळला, हे कळत नाही. भाताला रिपरिप मानवते. बांध फुटतात ते कोसळण्याने. एका तासात १०० मिमी, म्हणजे ५०० टिक, हा हवामान खात्याच्या व्याख्येत ढगफुटीचा वेग आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. डोंगरावर पडलेलं पाणी खाली यायला किती कमी वेळ लागतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. आपल्याच जिल्ह्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, तेही जोरदार पावसातच.

मात्र साधा लॉगर इशारा देत नाही. तो मुकाट लिहून ठेवतो, वाचायला नंतर जावं लागतं. डोंगराखालच्या वाडीने त्याच्या भरवशावर रात्री झोपू नये. त्यासाठी मोबाईलवर लगेच संदेश पाठवणारं वेगळं यंत्र किंवा जागता माणूसच लागतो.

गुलाबाच्या पेटीत

मावळात तापमानाची नोंद सगळ्यात महाग पडते ती फुलवाल्यांना. तळेगावच्या फ्लोरीकल्चर पार्कमधून आणि पवन मावळातल्या पॉलिहाऊसमधून जानेवारीच्या अखेरीपासून व्हॅलेंटाईन डेसाठी गुलाब परदेशी निघतो. फूल तोडल्यापासून २ ते ४ अंशांत राहायला हवं. पॅकहाऊसमध्ये ते राहतंही. घोळ होतो तो गाडीत भरताना, घाटात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर, विमानतळावर पेटी उन्हात ठेवल्यावर. माल पोचल्यावर 'फुलं उमलली, दर कमी' असा निरोप आला की दोष कुणाचा, यावर भांडण. पेटीतला लॉगर तिथे साक्षीदार असतो.

तो पेटीच्या मधोमध, जुड्यांच्या आत ठेवा. झाकणाला चिकटवला तर बाहेरची हवा मोजेल. आधी दोन तास कोल्डरूममध्ये ठेवून थंड करा, म्हणजे सुरुवातीचे आकडे फसवणार नाहीत. नोंद दर १० मिनिटांनी पुरे. घड्याळ संगणकाची वेळ उचलतं, म्हणून आलेख वाचताना वेळ भारताची की तिकडची हे आधी विचारा. फेब्रुवारीत नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. आलेखात हळूहळू चढ असेल तर गाडीचं कूलिंग कमी पडलं. एकदम उडी असेल तर दार उघडं राहिलं किंवा पेटी बाहेर होती. कोल्डरूमच्या दाराला चुंबकाचा स्विच लावून त्याच्या तारा इव्हेंटला जोडल्या, तर दार कितीदा हाललं तेही कळतं. काही ठिकाणी नुसता हा आकडा भिंतीवर लावला की कामगार दार लावायला लागतात.

तापमान बरोबर आहे का हे बघायला बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी कालवून त्यात पिशवीत बंद केलेला लॉगर अर्धा तास ठेवा. शून्याच्या आसपास, अर्ध्या अंशाच्या फरकात आकडा यावा. पावसाच्या यंत्रात बसवलेल्या लॉगरचं तापमान मात्र हवेचं तापमान समजू नका. उन्हात डबा तापतो. शेतातली हवा मोजायची तर लॉगर माणसाच्या उंचीवर, सावलीत, वारा खेळेल असा टांगायचा.

नोंद उतरवताना

काही लॉगर ब्लूटूथने मोबाईलला जोडतात, जुन्यांना केबल आणि संगणक लागतो. तो सुरू करतानाच 'मेमरी भरल्यावर थांबा' की 'जुनं पुसून पुढे लिहा' हे निवडायचं असतं. पावसासाठी 'थांबा' निवडा आणि महिन्याला एकदा नोंद उतरवा. फाईलला गावाचं नाव आणि तारीख द्या, एक प्रत दुसऱ्याच्या फोनवर ठेवा. सेल साधारण वर्षभर चालतो, तरी मे महिन्यातच नवा घाला. झाकणाचं रबर सुकलं असेल तर तेही बदला. मावळच्या पावसात आत एक थेंब गेला की मोसमाची नोंद गेली.